बराकीच्या भिंतीला दरवर्षी ओल येते? रंगाचा डबा उघडण्याआधी हे तपासा

भिंत तीच, महिना तोच. मे संपता संपता तिला रंग लागतो, मृगाचा पाऊस सुरू होतो आणि आर्द्रा सरायच्या आत पोपडे सुटून खाटेवर पडायला लागतात. मग दिवाळीनंतर खरवड, पुट्टी, परत रंग. पुढच्या आषाढात परत तेच.

मी लष्कराच्या इंजिनिअर दलातल्या बॉम्बे सॅपर्समध्ये बांधकामाच्या ट्रेडला १७ वर्षं होतो. पेन्शनवर आल्यावर गेली ११ वर्षं कोल्हापूर आणि आसपासच्या जुन्या बराकी, बराकीच्याच धर्तीवर बांधलेली ट्रेनिंगची वसतिगृहं आणि हॉल यांच्या दुरुस्तीची कामं बघतो. सगळ्यात जास्त वेळा हाताखालून गेलेला बिघाड हाच. शिरोळकडच्या सैनिक टाकळीसारख्या गावात बराकीत झोपलेला माणूस घराघरात सापडेल. त्यातल्या कुणालाही भिंतीकडच्या खाटेबद्दल विचारा. ती खाट कुणालाच नको असते आणि ती नेहमी सगळ्यात नव्या पोराच्या वाट्याला येते. त्या पोरासाठी हे लिहितोय.

आधी लक्षणं ओळखा

ओल म्हणजे एकच रोग नव्हे. डाग कुठं आहे आणि कधी येतो, यावरून निम्मं निदान होतं.

जमिनीपासून गुडघ्या-कमरेपर्यंत ओला पट्टा, वरची कड वेडीवाकडी, कडेला पांढरा भुरा, म्हणजे लोणा: ही जमिनीतून चढणारी ओल.

छताला भिंत भिडते तिथून खाली उतरलेले तपकिरी ओघळ: कौलं, पत्रे किंवा पन्हळ.

पश्चिमेच्या भिंतीवर मधेच किंवा खिडकीच्या कोपऱ्यांत डाग, झड लागली की काही तासांत गडद आणि उघडीप मिळाली की फिका: बाहेरून मारणारा पाऊस.

कोपऱ्यात आणि ट्रंकांच्या मागं काळी बुरशी, भिंत गार आणि दमट, पण पोपडे नाहीत. बेल्टवर आणि बुटांवर पांढुरकी बुरशी: बहुतेक वेळा आतल्याच हवेतलं पाणी.

एप्रिलच्या उन्हातही न सुकणारा डाग: पाइप.

यातली दोन-तीन लक्षणं एकाच भिंतीवर दिसू शकतात. खाली लिहिलेल्या क्रमानं गेलात तर फुकटातल्या आणि स्वस्तातल्या कारणांचा निकाल आधी लागतो. माझ्या कामांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी थापी हातात घ्यायची वेळच आली नाही.

पेन्सिल

ओलीच्या कडेवरून पेन्सिलनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आठ दिवसांनी परत. पावसाचा जोर, वाऱ्याची दिशा आणि त्या दिवशी बराक धुतली होती का, हे वहीत टिपून ठेवा. पैसा लागत नाही, पण याशिवाय पुढची प्रत्येक तपासणी अंदाजपंचे होते. डाग पावसाबरोबर हलतो की धुण्याबरोबर, हे रेघच सांगते. माणसाच्या आठवणीवर विसंबू नका. बराकीत माणसं बदलतात, भिंत तिथंच राहते.

प्लास्टिकचा तुकडा

हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिक घ्या. डागाच्या जागी भिंत फडक्यानं पुसा आणि तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा. दोन दिवस थांबा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला जमले तर हवेतलं पाणी गार भिंतीवर बसतंय.

हवेतलं पाणी म्हटलं की लोकांना पटत नाही. हिशोब करू. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. ३० जवानांची बराक असेल तर ते झालं साडेसात लिटर. त्यात पावसात भिजून आलेले ३० जोड कपडे आतच दोरीवर. पिळलेल्या एका जोडात अर्धा लिटर तरी पाणी उरतं, म्हणजे आणखी १५ लिटर. दारं-खिडक्या बंद. हे दीड बादली पाणी जाणार कुठं? सगळ्यात गार जागा शोधतं आणि तिथं बसतं, म्हणजे कोपऱ्यात आणि ट्रंकेच्या मागं.

उपाय साधेच आहेत. छताजवळची व्हेंटिलेटर उघडा. डासांसाठी तिथं वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा कोंबलेला असतो, तो काढून बारीक जाळी ठोका. जुन्या बराकीत आढ्याशेजारी किंवा दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत झरोके असतात; ते हवेसाठीच ठेवलेले आहेत, बुजवू नका. ट्रंका आणि खाटा भिंतीपासून चार बोटं सरकवा. कपडे वाळवायला व्हरांड्यात किंवा वेगळ्या शेडमध्ये दोऱ्या बांधा. सकाळी पोरं पीटीला गेली की तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, पाऊस असला तरी. बुरशी कोरड्या फडक्यानं झटकू नका, ती हवेत उडते. तोंडाला फडकं बांधून ओल्या कापडानं पुसा आणि भिंत सुकू द्या.

एका ठिकाणी प्लास्टिकवर दुसऱ्याच दिवशी खोलीच्या बाजूनं थेंब आले. तिथला स्टोअरचा हवालदार म्हणाला, “मेजर, तीन वर्षं झाली, वॉटरप्रूफ रंगच देतोय आम्ही.” सहा व्हेंटिलेटर उघडली. त्या पावसाळ्यात बुरशी एका कोपऱ्यावर थांबली, आणि तो कोपरा पुढच्या तपासणीत निघाला.

बाहेरून फेरी मारा, वाफ्यांपासून सुरुवात करा

ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथं दोष हौसेतून येतो.

कुठल्याही बराकीभोवती काय दिसतं? भिंतीला लागून फुलांचे वाफे, कडेला तिरक्या रोवलेल्या विटा, त्यांना चुना आणि गेरू. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. फार मनापासून केलेलं काम असतं ते. पण जोत्याच्या वरच्या थरात ओल अडवणारा एक थर असतो, त्याला डीपीसी म्हणतात. जमिनीतलं पाणी दगडविटांच्या सांध्यांतून वर चढतं ते तिथं अडतं. वाफ्याची माती त्या थराच्या वर गेली की माती थेट भिंतीला लागते आणि पाणी अडसर ओलांडून आत शिरतं. माणूस पुलावरून जातो तसं. दरवर्षी सणाच्या किंवा मोठ्या तपासणीच्या आधी अंगणात पसरलेला मुरूमही हेच करतो. एका बोटाचा थर म्हणत म्हणत पंधरा-वीस वर्षांत जोतं अर्धं गाडलं जातं.

काय करायचं: भिंतीलगत एक फावडं उतरवून मूळ जोत्याची कड शोधा. बाहेरची जमीन डीपीसीच्या खाली किमान १५ सेंटिमीटर हवी. वाफे भिंतीपासून तीन फूट लांब हलवा. मोकळ्या झालेल्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, म्हणजे पाणी गटारात जाईल. आधीच सिमेंटची पट्टी असेल तर ती आणि भिंत यांच्यातली फट बघा. काळ्या मातीवर बांधलेल्या इमारतीत ही फट हमखास पडते, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पंचगंगेच्या बाजूच्या सपाटीवर हा त्रास टेकडीवरच्या मुरमाड जमिनीपेक्षा जास्त. कडक सिमेंटनं बुजवलेली फट परत उघडते. लवचिक डांबरी मसाला भरा.

वर जो कोपरा राहिला म्हटलं, तिथं झेंडूचा वाफा होता. माळीकाम करणारा जवान गडहिंग्लजकडचा पोरगा, वाफा हलवायचा म्हटल्यावर चेहरा उतरला त्याचा. मी त्याला फावडं दिलं आणि म्हटलं, तूच खण. वीतभर माती काढल्यावर भिंतीचा ओला दगड दिसला. मग त्यानंच सगळ्या बराकीचे वाफे चार दिवसांत मागं घेतले. पेन्सिलच्या रेघा सांगत होत्या की महिन्याभरात कड एक वीत खाली आली.

धुणं आणि पाइप

तपासणीच्या आदल्या दिवशी बराक बादल्यांनी धुतात. पाणी झाडूनं दाराकडं लोटलं जातं, पण भिंतीच्या पायाशी उरलेलं तिथंच मुरतं. महिनाभर ओल्या फडक्यानं फरशी पुसा आणि रेघ बघा. कमी झाली तर कारण मिळालं.

पाइपासाठी: रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खडूची खूण करा, टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंद ठेवा. पहाटे कुणी उठायच्या आत बघा. पातळी उतरली असेल तर पाणी कुठंतरी गळतंय. न्हाणीघर आणि बराक यांच्यामधल्या सामाईक भिंतीत जुने जी.आय. पाइप गाडलेले असतात, त्यांचे सांधे गंजतात. भिंत फोडू नका. तो पाइप बंद करून उघडा पाइप बाहेरून फिरवणं स्वस्त पडतं, आणि पुढचा गळका सांधा डोळ्यांना दिसतो.

वर चढण्याआधी वळवाची वाट बघा

छताची गळती शोधायची तर मे महिन्यातला वळीव सोडू नका. अर्धा तास जोरात पडतो, वाऱ्यासकट, आणि नंतर दुरुस्तीला कोरडे दिवस हातात असतात. पाऊस सुरू झाला की दोन माणसं बॅटरी घेऊन आत फिरवा. पाणी पहिल्यांदा कुठं दिसतं तिथं खडूची खूण करा. थेंब पडतो ती जागा आणि छत गळतं ती जागा एक नसते. पाणी वाश्यावरून चार-पाच फूट घरंगळत येतं. म्हणून खुणेपासून वाशाच्या चढाकडं बघत जा.

मंगलोरी कौलं असतील तर दुपारी आतून वर बघा. फुटलेल्या कौलातून उजेडाची टाचणी दिसते. सरकलेलं कौल बहुतेक वेळा आतूनच काठीनं जागेवर बसतं. पन्हळीतला पाला काढा आणि चढाच्या टोकाला एक बादली पाणी ओता. सगळं पाणी खालच्या नळीतून बाहेर पडलं पाहिजे. मधे डबकं साचलं तर उतार गेलाय, त्या ठिकाणचा आधार उचलून घ्या. पन्हळ तुंबली की पाणी मागच्या बाजूनं भिंतीच्या माथ्यात उतरतं, आणि आतून वाटतं कौलंच गळतात. गेल्या काही वर्षांत कौलं बदलायची म्हणून मला बोलावलं आणि काम पन्हळीवर भागलं, असं किती वेळा झालं ते मोजलेलं नाही, पण पुष्कळदा झालंय.

पत्र्याच्या छताला आधी बोल्टाखालचे डांबरी वायसर बघा. उन्हानं ते तडकतात. वायसर अगदी स्वस्त असतो, आणि बोल्टाभोवतीचा गंजाचा गोल त्याची जागा दाखवतो.

व्हरांड्याचं छत मुख्य भिंतीला टेकतं तो सांधा विसरू नका. भिंतीत खाच घेऊन बसवलेली पत्र्याची पट्टी तिथं हवी. ती निखळलेली असते आणि वर नुसतं सिमेंट थापलेलं असतं.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांवर कुणालाही चढवू नका. ते न वाकता एकदम तुटतात आणि माणूस थेट फरशीवर येतो. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ते कापायचे, भोकं पाडायचे किंवा तारेच्या ब्रशनं घासायचे नाहीत, कारण त्याची धूळ फुप्फुसात बसते. हे काम सराव आणि साधनं असलेल्या माणसाचंच.

पश्चिमेची भिंत

कोल्हापुरात पावसाळी वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळं झड त्या भिंतीवर बसते. खिडकीच्या खालची कड बाहेर उतरती आहे का, छज्ज्याच्या खालच्या बाजूला पाणी तुटण्यासाठी खाच आहे का, चौकटीभोवती फट आहे का, हे बघा.

नळीनं पाणी मारून तपासायचं असेल तर खालून सुरुवात करा. जोत्यावर पंधरा-वीस मिनिटं, मग खिडकीच्या खाली, मग बाजूला, मग वर. आत एक माणूस उभा ठेवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच फटींवरून वाहतं आणि दोष कुणाचा ते कळत नाही. सापडल्यावर दर्जा, म्हणजे दगडविटांमधले सांधे, नीट खरवडून भरा. वरवर लेप दिलेला सांधा एका पावसाळ्यात सुटतो.

चुन्याच्या भिंतीवरचं सिमेंट

इथून पुढं खर्च आणि मेहनत दोन्ही वाढतात.

राजाराम रायफल्स या कोल्हापूर संस्थानच्या पलटणीच्या जमान्यातल्या, म्हणजे संस्थानकाळच्या भिंती काळ्या दगडाच्या आणि चुन्याच्या. हा दगड पाणी फारसं पीत नाही; पाणी सांध्यातल्या चुन्यातून चढतं आणि चुन्यातूनच बाहेर सुकून जातं. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. नंतर कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा करतो आणि आतून कमरेपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा मारतो, डाग पुसायला सोपा म्हणून. पाण्याचे दोन्ही रस्ते बंद. मग ते ऑइलपेंटच्या वरच्या कडेपर्यंत चढतं आणि तिथं फुटतं. पोपडे बरोबर त्या पट्ट्याच्या वर दिसत असतील तर कारण हेच समजा.

आधी वरच्या सगळ्या तपासण्या संपवा. मग ऑइलपेंट काढा, लोणा लागलेला गिलावा ओलीच्या रेघेच्या वर फूटभरापर्यंत पाडा, सांधे ब्रशनं साफ करा. लोणा लागलेला गिलावा ठेवून उपयोग नाही, कारण ते क्षार हवेतली ओल ओढतात आणि मूळ कारण गेलं तरी भिंत ओलीच दिसते. मग थांबा. सगळ्यात जास्त चूक इथं होते. भिंत साधारण महिन्याला एक इंच जाडी या वेगानं सुकते, असा आमचा ठोकताळा. २०१९ च्या महापुरात पाण्याखाली गेलेला एक हॉल दिवाळीत घाईनं गिलावा करून रंगवला होता. २०२० च्या मेपर्यंत सगळा गिलावा फुगून आला. दुसऱ्यांदा तो पाडून भिंत पूर्ण उन्हाळा उघडी ठेवली. सुकल्यावर चुन्याचाच गिलावा आणि चुन्याची सफेदी द्या.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

ओल स्विचबोर्डापर्यंत आली असेल किंवा भिंतीला हात लावल्यावर झिणझिणी आली, तर मेन स्विच बंद करा. खाटा हलवा. तपासणी वगैरे नंतर, आधी वायरमन.

भिंतीला तिरका तडा असेल तर त्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा. पट्टी फुटली तर भिंत अजून हलते आहे. तडा पाच मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, भिंत ओळंब्यातून बाहेर गेली, म्हणजे एका बाजूला कलली असेल, स्लॅबमधल्या गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या असतील किंवा वासा ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर त्या भागातली माणसं त्याच दिवशी बाहेर काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तडा बुजवून रंग दिला तर इंजिनिअरला बघायला काही उरत नाही, म्हणून हातही लावू नका. डीपीसी नव्यानं घालणं, भिंतीत रसायन भरणं आणि सांडपाण्याची गाडलेली लाइन ही कामंही आपली नव्हेत.

लष्करी ठाण्यात इमारतींची देखभाल मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडं, म्हणजे एमईएसकडं असते. तिथं इमारती-रस्त्यांचं काम बी/आर बघतं आणि वीज-यंत्रांचं ई/एम. पाला काढणं, वाफे हलवणं, झरोके उघडणं युनिटची माणसं करू शकतात. फोडाफोड आणि वायरिंगला स्वतःहून हात घालू नये. तक्रार ज्या बाजूची तिकडंच द्या, नाहीतर कागद इकडून तिकडं फिरतो आणि पावसाळा सरतो.

तक्रारीत “भिंतीला ओल आहे, रंग द्यावा” असं लिहू नका. लिहिल्याप्रमाणं रंगच मिळतो. असं लिहा: “बराक नंबर अमुक, पश्चिमेची भिंत, दारापासून तिसरी आणि चौथी खाट. ओल जमिनीपासून ८० सेंटिमीटर, लोणा आहे. प्लास्टिकच्या तपासणीत थेंब भिंतीच्या बाजूला. वाफे हलवले, पन्हळ साफ केली, टाकीची पातळी रात्रभर तशीच राहिली. तरीही १२ जून ते ३ जुलै कड ११ सेंटिमीटर वर गेली. रेघा भिंतीवर आहेत.” वहीतल्या पानाची नक्कल सोबत जोडा आणि तिसऱ्या-चौथ्या खाटेवरच्या दोन पोरांना त्याच संध्याकाळी बराकीच्या मधल्या रांगेत जागा द्या.